कोरडे वजन

मन्मथ,

आज मंगळवार. सवयीने पावणेसहाला उठलो. पिशवीत पाण्याची लहान बाटली, वर्तमानपत्र आणि तुझा पंचा घातला आणि स्थानकावर जाऊन उभा राहिलो. गाडीची वाट पाहत पिशवीत हात घातला, तो पंचा हाताला लागला, तेव्हा लक्षात आले. तोवर लातूरची गाडी फलाटाला लागली होती. वाहकाने दारातूनच विचारले, "काय सायब, शेठ कुठं राहिले?" मी म्हणालो, "आज येणार नाहीत." गाडी गेली. मी खोटे बोललो नाही, परंतु पुरते खरेही बोललो नाही. असे बोलण्याची मला पूर्वी सवय नव्हती. ती तुझ्या आजारात लागली.

तुला जाऊन तीन दिवस झाले. तुझे वय, तुझी दुकानदारी, तुझा गोतावळा, यांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. ते त्यांनी बोलावे. मला तुझ्याशी वजनाविषयी बोलायचे आहे. आपली ओळख वजनामुळे झाली आणि गेल्या दोन वर्षांत आपण त्याखेरीज दुसऱ्या विषयावर फारसे बोललो नाही. जे बोलायचे राहिले तेही वजनाविषयीच आहे.

मी वजनमापे निरीक्षक होतो. बीडहून परळीच्या मोंढ्यात तपासणीला आलो होतो. तुझ्या दुकानासमोर तलवाड्याकडून मेंढ्या घेऊन आलेला एक माणूस उभा होता. सरकीच्या पेंडेच्या पोत्यात त्याने कोपरापर्यंत हात घातलेला होता.

"सायब, आधी ही पेंड बघा. ओली हाय. पानी मारलंय ह्यानं."

तू गादीवरून हललाही नाहीस. "पानी कावून मारीन मी? पत्रा गळतोय. वर बघा की, सायब."

मी वर पाहिले नाही. पेंडेलाही हात लावला नाही. तुझ्या काट्याच्या फळीवर विजेच्या कारखान्याची राख बसली होती, ती रुमालाने पुसली, काटा शून्यावर आणला आणि माझी प्रमाणित वजने एकेक करून चढवली. काटा बिनचूक होता. मी तसे सांगितले. मालाचा ओलेपणा माझ्या अधिकारात येत नाही, हेही सांगितले. त्या माणसाने पोते पाठीवर घेतले आणि जाताना म्हणाला, "काटा खरा हाय म्हन्ता. मग माझ्या मेंढ्यांनी काटा खायचा का?"

तू इतका हसलास की तुझे पोट बराच वेळ हलायचे थांबेना. मी हसलो नाही. काट्यावर त्या वर्षाचा शिक्का मारला आणि निघालो. पुढे प्रत्येक वर्षी मी शिक्का मारण्यास आलो आणि प्रत्येक वर्षी विचारले, "पाणी मारले होते की पत्रा गळत होता?" तू प्रत्येक वर्षी वर बोट दाखवलेस. पत्रा मध्यंतरी बदलून तेथे स्लॅब पडला, तरी तुझे बोट वरच राहिले.

निवृत्त झाल्यावर मी परळीत राहिलो. लोकांना वाटले, वैजनाथासाठी. मी देवळात जात नाही, हे तुला ठाऊक होते. तू त्याविषयी कधी काही विचारले नाहीस. दुसऱ्या दिवशी दुकानात मला खुर्ची ठेवलीस एवढेच. "तुमी"ला "बे" कधी चिकटले ते आठवत नाही, परंतु "सायब" मात्र गेले नाही. "काय बे सायब" असे मला हाक मारणारा या जिल्ह्यात एकच माणूस होता. आता कोणी नाही.

तेव्हा तू शहाण्णव किलो होतास. मी चोपन्न. तू मला वजन करायला लावायचास आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडायचास, "अर्धं पोतं! सायबाला बारदान्यासकट धरा!" मीही तुला सोडत नव्हतो. साखरेच्या आजारासाठी आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तुला वजन घटवण्यास सांगितले, तेव्हापासून मी ते काम अंगावर घेतले. त्या काळात वर्तमानपत्रांत, टीव्हीवर जिकडेतिकडे वजन उतरवण्याच्याच गोष्टी सुरू झाल्या होत्या. पट्टे आले, यंत्रे आली. परळीसारख्या गावात माणसे जाडीला प्रथमच आजार म्हणू लागली होती. मी कात्रणे कापून तुझ्या पुड्यांच्या कागदात ठेवत असे. तू त्यांतच शेंगदाणे बांधून खायचास.

"चरबी हे निष्क्रिय ओझे आहे," मी म्हणे. "काही काम करीत नाही, केवळ जागा अडवते."

"सायब, माझ्या गोदामात बी असा लई माल पडून हाय. पन दुष्काळात त्योच कामाला येतो."

हा आपला दुसरा वाद. तोही मिटला नाही. त्यात तू जिंकला होतास, हे मला फार उशिरा कळले.

तुझी मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, लातूरला जाऊन चार चार तास रक्त यंत्रातून गाळून घ्यायचे ठरले. तुझ्या मुलाला, वैजूला, दुकान सोडता येत नव्हते. मला वेळ होता. पहिल्या दिवशी तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी एक शब्द वापरला, ड्राय वेट. शरीरात साठलेले जादा पाणी काढून टाकल्यावर जे उरते ते रोग्याचे खरे वजन. प्रत्येक वेळी यंत्रावरून उतरताना माणूस त्या आकड्यावर आला पाहिजे. शहाण्णवावरून तू आजाराने तोवर पुष्कळ उतरला होतास; तुझ्यासाठी त्यांनी आकडा ठरवला, एक्याऐंशी.

कोरडे वजन. चाळीस वर्षे मी ज्या खात्यात काढली, त्या खात्यात इतका स्वच्छ शब्द मला सापडला नव्हता. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी तुला तो तीनदा समजावून सांगितला. तू म्हणालास, "म्हन्जे आता पेंड मी, आन् पानी मोजनारे तुमी."

आणि मी मोजू लागलो. रोज सकाळी दुकान उघडताच तू पोत्यांच्या त्याच फळीच्या काट्यावर उभा राहायचास. मी राख पुसायचो, काटा शून्यावर आणायचो. दोन फेऱ्यांच्या मधे दोन किलोंपेक्षा जास्त पाणी चढू द्यायचे नाही असा नियम होता. तुझ्या पाण्याचा तांब्या मी बदलून लहान केला. लातूरला यंत्रावरून उतरताना आकडा एक्याऐंशी असे. मला समाधान वाटे. महिन्यामागून महिने एक्याऐंशी. असा स्थिर काटा मी नोकरीतही क्वचितच पाहिला होता.

डॉक्टरीणबाईंनी आहाराचा एक कागद दिला होता. त्यात दोन रकाने होते, वर्ज्य आणि आवश्यक. मी निरीक्षकाच्या नजरेने फक्त पहिला रकाना वाचला. मीठ, शेंगदाणे, केळी, सुकामेवा, यांच्याखाली तांबड्या रेघा ओढल्या आणि कागद वहिनींच्या स्वयंपाकघरात चिकटवून आलो. तूप त्या रकान्यात नव्हते. ते मी माझ्या अक्षरात लिहिले. तीन भाकरींची एक केली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, डॉक्टरीणबाई तर खाऊ घाला म्हन्ल्या होत्या." मी म्हणालो, "वजन वाढू द्यायचे नाही, एवढेच आपल्याला पाहायचे आहे."

पुढे तू एक भाकरही संपवीनास. मला वाटले, शिस्त लागली.

मन्मथ, तू मला फसवत होतास आणि मी सहज फसत होतो. सोमवारचा उपवास तुझा पूर्वीपासून होता, निदान तू तसे म्हणत होतास. वैजनाथाच्या नावाने दिवसभर साबुदाणा, पेढे आणि राजगिऱ्याचे लाडू चालत. तो उपवास आता निराहार झाला. मग प्रदोष आला. मग शिवरात्र महिन्यातून दोनदा येऊ लागली. एकदा अंबाजोगाईच्या स्थानकावर मी तुला विचारले, "इडली घेऊ का?" तू खिडकीबाहेर पाहत म्हणालास, "नको. एकादशी हाय आज."

मी "बरे" म्हणालो. गाडी सुटली, गाव मागे पडले, तेव्हा माझ्या ध्यानात आले. "अरे, तू गळ्यात लिंग बांधणारा माणूस. तुझ्या घराण्यात एकादशी कधी शिरली?"

"आजच शिरली बे," तू म्हणालास, आणि दोघेही हसलो.

मी हसायला नको होते. ज्या माणसाने आयुष्यभर एकादशीला कांदाभजी खाल्ली, तो भुकेविषयी खोटे का बोलतो आहे, हे मी विचारायला हवे होते. तुला भूक लागत नव्हती. अन्नाचा वास सहन होत नव्हता. ते मला सांगितले असतेस तर मी रागावलो असतो, म्हणून तू पंचांगातले एकेक दिवस वापरून काढलेस. शैवांचे संपले तेव्हा वैष्णवांचे घेतलेस.

वहिनींनी मला एकदा आत बोलावले. त्या असे कधी करीत नसत.

"भावजी, ह्यांचा करदोडा ढिला झालाय. दोनदा गाठ मारून आवळला म्या. पुन्हा खाली सरकतोय. आंगठी तर काढूनच ठेवली."

"वजन एक्याऐंशी आहे, वहिनी."

"पन मांड्या बघा न जरा. आन् पाय सुजल्यात. चप्पल जात न्हाई पायात."

"काटा मी स्वतः तपासला आहे. काटा खोटे बोलत नाही."

त्यांनी पदर सारखा केला आणि त्या चुलीकडे वळल्या. ज्या बाईने सुताच्या एका दोऱ्याने तुझे खरे माप घेतले होते, तिला मी लोखंडाचा काटा दाखवून गप्प केले. बोटांतून अंगठी गळते आणि पायांत चप्पल जात नाही, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी दिसत असताना मी आकडा वाचत होतो.

पायऱ्या चढताना तुला दम लागू लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुला पुन्हा पूर्ण तपासले. दंडाचे मांस चिमटीत धरले, घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"काका, यांचं ड्राय वेट एक्याऐंशी राहिलेलं नाही. पंचाहत्तर असेल. हे जेवत नाहीयेत. अंगावरचं मांस आणि चरबी उतरत गेली आणि तेवढीच जागा पाण्याने घेतली. काट्याला फरक कळत नाही."

सहा किलो. इतके पाणी माझ्या देखरेखीखाली तुझ्यात शिरले होते.

मी त्यांना विचारले की चरबी उतरली हे चांगलेच नव्हे काय. मला अजूनही उत्तर हवे होते ते माझ्या बाजूचे. त्या स्टूल ओढून बसल्या. त्यांना वेळ नव्हता, तरी बसल्या.

"निरोगी माणसाची गोष्ट वेगळी, काका. तिथे जाडी घातकच. तुम्ही यांना आधी जे सांगत होता ते चूक नव्हतं. पण एकदा या यंत्रावर माणूस आला की हिशेब उलटा दिसतो. इथे अंगानं भरलेले लोक बरेचदा जास्त दिवस तगतात, वाळलेले लवकर जातात. का, ते अजून कुणालाच पक्कं माहीत नाही."

"परंतु चरबी काम काय करते?"

"बोलते. लोक समजतात नुसता साठा आहे. तसं नाही. ती रक्तात हार्मोन सोडते. एक आहे लेप्टिन. ते मेंदूला निरोप देतं की साठा पुरेसा आहे, आता जेवू नका. एरवी किडनी तो निरोप रक्तातून काढून टाकते. यांची किडनी बंद. जुने निरोप साचत राहतात. भूक मरण्याचं हे एक कारण असावं, आणखीही आहेत. दुसरं एक आहे, ॲडिपोनेक्टिन. ते रक्तवाहिन्यांची राखण करतं असं दिसतंय. आणि गंमत म्हणजे माणूस वाळला की ते वाढतं. मग वाळणं चांगलं का वाईट? त्यावर अजून वाद चालू आहे. मी तुम्हाला ठाम काही सांगणार नाही. एवढंच सांगते, यांना खाऊ घाला."

तू यंत्राला जोडलेला, डोळे मिटून पडला होतास. मला वाटले झोपला आहेस.

"म्हन्जे बाई," तू डोळे न उघडता म्हणालास, "शेठ पोटभर जेवला अशी कार्डं येत्यात, आन् जुनी कार्डं फाडनारा पोस्टमास्तर मेलाय."

त्या हसल्या. "अगदी तसंच, काका."

"आन् गोदामात माल हाय म्हनून दुकान तगलं. आमचे सायब सांगत होते, गोदाम रिकामं करा."

तू हे मला टोचण्यासाठी म्हणाला नव्हतास. तू नेहमीप्रमाणे गंमत करत होतास. त्या खोलीत इतर पाच यंत्रे सुरू होती आणि प्रत्येकाच्या शेजारी कोणीतरी आपले माणूस बसले होते. मी वर्तमानपत्र उघडले. ते आदल्या दिवशीचे होते.

पुढच्या काही फेऱ्यांत थोडेथोडे करून जादा पाणी काढले. एक्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर, मग पंचाहत्तर. पाणी उतरले तसा तू दिसू लागलास. गालांखालची हाडे, गळ्याखाली सैल कातडे. दुकानात आलेल्या माणसांना तुला ओळखायला क्षणभर लागला. सूज होती तोवर तू सर्वांना पूर्वीचाच शेठ वाटत होतास. मलाही.

त्याच दिवसांत, यंत्रावर असताना, तू मला जवळ बोलावलेस.

"सायब, एक खरं सांगू का?"

"सांग."

"त्या पेंडीवर पानी मारलं होतं म्या. पत्रा बित्रा काय गळत नव्हता. दोन घागरी मारल्या होत्या."

इतक्या वर्षांनी.

"आता माझ्यातच निघालं बघा. सहा किलो." तू हसलास, मग खोकलास. खोकला थांबल्यावर माझ्याकडे पाहत राहिलास. "आता तुमी सांगा."

"मी काय सांगायचे?"

"काय न्हाई," तू म्हणालास, आणि डोळे मिटलेस.

तुला माहीत होते. माझ्या ओठांवर काय आहे आणि ते तेथेच का अडले आहे, हे तुला माहीत होते. तू आपला कबुलीजबाब अशासाठी दिलास की मला माझा देणे सोपे जावे. समोरच्याने आधी खोट कबूल केली की आपल्याला लाज वाटत नाही, हे तू दुकानात बसून शिकला होतास. मला ते दार तू उघडून दिलेस आणि मी उंबऱ्यात उभा राहिलो. मी जन्मभर लोकांच्या चुका लिहिल्या. स्वतःची चूक तोंडाने उच्चारण्याचा सराव मला नव्हता. हे कारण आहे, सबब नव्हे.

त्याऐवजी मी तुला खाऊ घालू लागलो. आहाराच्या कागदाचा दुसरा रकाना वाचला. माझ्या अक्षरातले तूप खोडले. डाळ किती शिजवायची, पनीर कुठे मिळते, हे कधी चहाखेरीज काही न केलेला मी शिकलो. अंड्याचा पांढरा भाग द्या असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी एक उकडून रुमालात बांधून गाडीत आणले. तू पाहिलेस आणि मान फिरवलीस.

"औषध म्हणून घे. देव पाहत नाही."

"देव राहू द्या बे सायब. गळ्यात हाय त्याला काय सांगू?"

मी म्हणालो की गळ्यात जे आहे ते तुझ्या हट्टाने आणखी किती दिवस गळ्यात राहणार आहे. हे वाक्य मी उच्चारले. अंबाजोगाई येईपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. स्थानकावर मी खाली उतरून ते अंडे कुत्र्याला घातले. परत येऊन बसलो तेव्हा तू म्हणालास, "इडली आना. दोन आना." आणि दोन्ही खाल्ल्यास. एकेक घास किती वेळ तोंडात घोळवत होतास, ते मी पाहत होतो. मला वाटले, भूक परत आली.

एका शुक्रवारी उतरताना तू शहात्तर भरलास. डॉक्टरीणबाईंनी घोटा दाबला, दंड चाचपला, छाती ऐकली. "हे पाणी नाही," त्या म्हणाल्या. "हे यांचं आहे." एक किलो. माझ्या सबंध नोकरीत एका किलोने मला इतका आनंद दिला नव्हता. मी तो दाखवला नाही. तू मात्र परतीच्या गाडीत वाहकाला, मागच्या बाकावरील बायकांना आणि रेणापूरला चढलेल्या एका अनोळखी माणसाला सांगितलेस, "एक किलो वाढलो आमी! सुका माल!" मोंढ्यात उतरल्यावर मला म्हणालास, "सायब, शिक्का मारा आता."

मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. इतकेच. ते पुरेसे नव्हते, हे मला आज ठाऊक आहे.

मग हातावरच्या सुईच्या जागी पू झाला, ताप आला आणि तो किलो आठवड्यात गेला. त्याच्यामागे पुढच्या काही महिन्यांत आणखी पुष्कळ गेले. गेल्या शनिवारी सकाळी तू हट्टाने दुकानात आलास, फळीवरची राख स्वतः पुसलीस, गादीवर बसलास आणि तक्क्याला टेकलास. वैजू गिऱ्हाइकाला साबण देत होता. मी खुर्चीत होतो. मी वर्तमानपत्राचे पान उलटले आणि तुझ्याकडे पाहिले, तेव्हा तू नव्हतास.

तुमच्या रीतीप्रमाणे तुला बसवून नेले. बसवताना एका बाजूने आधार द्यायला माणूस हवा होता. वैजूने माझ्याकडे पाहिले. मी तुझ्या काखेखाली हात घातला. माझ्या हातांना वजन कळते, मन्मथ; काट्याशिवाय पाव किलोचा फरक ते सांगू शकतात. साठाच्या खाली होतास. आणि सगळे कोरडे.

मी चुकलो. काटा बरोबर होता, मी चुकलो. तुझा काटा मी तपासला आणि माल पाहिला नाही, पहिल्या दिवशीही आणि शेवटीही. वेळेवर पाहिला असता तर तू किती दिवस अधिक राहिला असतास, हे मी डॉक्टरीणबाईंना रविवारी दूरध्वनी करून विचारले. त्या म्हणाल्या, "काका, याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही." मग म्हणाल्या, "ते तुमच्याविषयी बोलायचे. म्हणायचे, सायब समोर बसले की मला खावंच लागतं." मी विचारले, शेवटी शेवटी भूक लागत होती ना? "नाही," त्या म्हणाल्या. "भूक त्यांना परत कधीच लागली नाही."

म्हणजे त्या इडल्या, ती डाळ, ते पनीर, तो एक किलो.

आज स्थानकावरून मी घरी गेलो नाही. तुझ्याकडे गेलो. दुकानाच्या दारात वैजूने नवा विजेवर चालणारा काटा मांडला आहे. लाल आकडे दिसतात. जुना फळीचा काटा आत भिंतीला लावला आहे, त्यावर तीन दिवसांची राख आहे. ती मी पुसली नाही.

वहिनींनी पाट मांडला. मी नको म्हणणार होतो. तीन दिवसांत माझ्या पोटात नीट अन्न गेलेले नव्हते आणि भूकही नव्हती. त्यांनी ज्वारीची भाकर, मुगाचे वरण, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि भाकरीवर तूप घातले. भिंतीवर तो कागद अजून आहे. माझ्या तांबड्या रेघाही आहेत.

"वहिनी," मी म्हणालो, "करदोड्याचे तुम्ही सांगितले होते. मी ऐकले नाही."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्या म्हणाल्या, "जेवा, भावजी."

मी पहिला घास तोंडात घातला. तो खाली उतरेना. बराच वेळ तो तोंडात फिरत राहिला आणि मला अंबाजोगाईचे स्थानक दिसले, खिडकीशी बसलेला तू, तुझे हलणारे जबडे, आणि समोर घड्याळ लावल्यासारखा बसलेला मी. भूक नसताना एक घास गिळायला किती लागते, हे मला या वयात आज कळले. तू ते माझ्यासाठी कितीतरी वेळा केलेस, आणि तोंड वाकडे केले नाहीस.

मी भाकर संपवली. वरण संपवले. चटणीही संपवली. ताट पुसून घेतले.

तुझ्या घरी इतक्या वर्षांत मी दुसऱ्यांदा कधी काही मागून घेतले नव्हते, याची तू नेहमी चेष्टा करायचास. वहिनी टोपली घेऊन पुढे आल्या आणि रिकाम्या ताटाकडे पाहून थांबल्या.

"वाढू का आणखी?"

मी म्हणालो, "वाढा."